गुलाबी उडाला तेव्हा: ऊतिशास्त्रातून आलेल्या एका अमूर्त चित्रकर्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या चित्रकर्तीचं शिक्षण प्राणिशास्त्रातलं. एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी ११ वर्षं ऊतिशास्त्राच्या, म्हणजे शरीरातल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, प्रयोगशाळेत काम केलं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला ऊतीचा तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून ते अलगद काचेवर घ्यायचे, मग मेण उतरवून रंगवायचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तो काप किती पातळ ते ध्यानात येईल. चित्रं काढणं संध्याकाळी होई. चाळिशीत नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ चित्रकलेला वाहून घेतलं.

माझा संबंध प्रदर्शनांपुरता. चित्रं निवडणं, भिंतीवरची मांडणी, सोबतचा मजकूर ही माझी कामं. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि हे सगळं त्यांना दाखवूनच इथे देते आहे.

त्यांची सुरुवातीची चित्रं पाहून लोक लगेच म्हणत, "या पेशी आहेत ना?" त्या खरोखरच पेशी होत्या, रंगवलेल्या आणि मोठ्या केलेल्या. या वाटेला जुनी परंपरा आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलने १८९९ ते १९०४ या काळात सागरी जीवांच्या आणि इतर सजीवांच्या १०० चित्रपट्ट्या प्रसिद्ध केल्या, आणि त्यातली नेटकी, सममित रूपं पुढे सजावटीच्या कलेत सगळीकडे पसरली. १९३३ च्या अखेरीस पॅरिसला गेल्यावर अमूर्त चित्रकार कँडिन्स्कीच्या चित्रांतही अमीबासारखे, भ्रूणासारखे आकार तरंगू लागले. आमच्या चित्रकर्तीला दोन्ही माहीत होतं आणि दोन्हींबद्दल आदर होता, पण स्वतःच्या पेशींवर त्या नाराज होत्या. "हे चित्र नाही, हे ओळखण्याचा खेळ आहे," असं त्या म्हणत. मला ते पटायचं. पेशी ओळखली की बघणारा पुढच्या भिंतीकडे सरकायचा.

त्यांना खुणावत होती ती स्लाइड रंगवण्याची क्रिया. न रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. हिमॅटॉक्सिलिन दिलं की केंद्रकं निळीजांभळी होतात. इओसिन दिलं की पेशीद्रव्य आणि तंतू गुलाबी होतात. तो निळा आणि तो गुलाबी पेशीचे नसतात, आपण दिलेले असतात. इटालियन शास्त्रज्ञ गोल्जीच्या रंगपद्धतीत तर ही निवड आणखी टोकाला जाते. १८७३ ची ती पद्धत चेतापेशींपैकी अगदी थोड्याच काळ्या करते आणि बाकीच्या तशाच सोडून देते. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा गुंता दिसला असता. थोड्याच रंगल्या म्हणून स्पॅनिश शास्त्रज्ञ कहालला एकेक पेशी वेगळी काढून रेखाटता आली, आणि १९०६ चं नोबेल त्याला गोल्जीसोबत मिळालं. न दाखवण्यातून दिसणं घडतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी केलं होतं. अमूर्त चित्राची याहून चांगली तयारी माझ्या तरी पाहण्यात नाही.

यातूनच १४ चित्रांची मालिका झाली. अस्तर न दिलेला सुती कॅनव्हास आणि त्यावर ओतलेले, मुरवलेले रंग. अमेरिकन चित्रकर्ती हेलन फ्रँकेनथेलरने १९५२ मध्ये पातळ केलेला तैलरंग कोऱ्या कॅनव्हासमध्ये असाच मुरवला होता. यांचा फरक एवढाच की यांनी चित्रकाराचे रंग घेतलेच नाहीत. रंग धरावा म्हणून कॅनव्हासला तुरटी दिली आणि प्रयोगशाळेतलेच स्टेन, म्हणजे काप रंगवायचे रंग, वापरले: हिमॅटॉक्सिलिन, इओसिन, थोडा क्रिस्टल व्हायोलेट.

मालिका देखणी होती. निळ्याजांभळ्या घट्ट जागांभोवती गुलाबी श्वास घेतल्यासारखा पसरलेला. आकार कुठेच ओळखता येत नव्हते, तरी समोर जिवंत काहीतरी आहे हे अंगाला जाणवायचं. सोबतच्या पत्रकात मी मोठ्या हौसेने लिहिलं की ही चित्रं प्रयोगशाळेच्या खऱ्या रंगांनी रंगवली आहेत. पाच चित्रं विकली गेली.

अडचण

आठ महिन्यांनी चित्र घेतलेल्या एकांनी फोटो पाठवला. सोबत तक्रार नव्हती, फक्त प्रश्न: "चित्र असंच होतं का?" त्यांनी ते बैठकीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं. गुलाबी जवळजवळ उडाला होता. त्या जागी कळकट पिवळसर कापड आणि मध्ये निळ्याजांभळ्याचे सुटे डाग उरले होते.

आम्ही दोघी तडक स्टुडिओत गेलो. उरलेल्या नऊपैकी सात चित्रं भिंतीला टेकून, पाठ बाहेर करून ठेवलेली होती. ती ठीक होती. दोन उघड्यावर होती आणि त्यांचा गुलाबी फिका पडला होता. एका चित्राच्या कडेवर चौकटीची पट्टी बसवली होती. ती काढली तर खाली बोटभर रुंदीचा मूळ गुलाबी तसाच ताजा. त्या पट्टीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कंट्रोल आपोआप ठेवला गेला होता. मी ठेवायला हवा होता." कंट्रोल म्हणजे प्रयोगात तुलनेसाठी तसाच राखलेला भाग.

दुसऱ्या प्रदर्शनाची तारीख तीन महिन्यांवर आली होती.

चूक नेमकी कुठे झाली

रसायनाच्या बाजूने उत्तर सोपं आहे. चित्रकाराचा रंग बहुतेक वेळा रंगद्रव्याचा असतो, म्हणजे न विरघळलेले बारीक कण. स्टेन हे रंजक असतात. ते विरघळतात, धाग्यात एकेका रेणूच्या पातळीवर शिरतात, आणि प्रकाश एकेका रेणूला गाठून मोडतो. इओसिन तर यासाठी बदनामच आहे. १८७० च्या दशकात आलेला हा कृत्रिम रंजक 'जिरेनियम लेक' या रूपात चित्रकारांच्या रंगपेटीत शिरला. व्हॅन गॉगने तो वापरला. १८९० मध्ये त्याने रंगवलेल्या गुलाबांचा गुलाबी रंग उडाला आणि ती फुलं आज पांढरी दिसतात. स्लाइडवर इओसिन टिकतो, कारण स्लाइड काच आणि चिकटद्रवाच्या आत, बंद पेटीत, अंधारात राहते. भिंतीवरचं चित्र रोज उजेड खातं.

त्यांना हे ठाऊक होतं, आणि मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. उन्हात राहिलेली स्लाइड फिकी पडते हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. प्रयोगशाळेत रंगाची नवी बाटली आली की आधी माहीत असलेल्या ऊतीवर करून बघायची, मगच वापरायची, हा त्यांचा ११ वर्षांचा शिरस्ता. स्टुडिओत मात्र त्यांनी तो पाळला नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, की नोकरी सोडताना ती शिस्तही मागे सोडायची आहे असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. प्रयोगशाळेतून रंग आणले, तपासण्याची सवय आणली नाही.

माझी चूकही लहान नव्हती. चित्रं कशाने रंगवली आहेत हे मी पत्रकात ठळक छापलं. ते किती टिकेल, हे एकदाही विचारलं नाही. "खरे रंग" ही गोष्ट लोकांना सांगायला मला इतकी आवडली की त्या रंगांची चौकशी करायची राहून गेली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. फोटो एकाच घरून आला होता, बाकीच्यांच्या लक्षात यायला वर्षं लागली असती. हा आम्ही पाच मिनिटांत सोडला, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरा, अतिनील किरण अडवणाऱ्या वार्निशचा. अनेकांनी हाच सल्ला दिला. पण इओसिनसारखा रंजक साध्या दिसणाऱ्या प्रकाशातही उडतो. अतिनील अडवल्याने वेग कमी होईल, थांबणार नाही. शिवाय कोऱ्या सुती कापडावर वार्निश दिलं की ते मुरून कापड गडद होतं, आणि या चित्रांचा कोरडा, पावडरीसारखा पोत कायमचा जातो.

तिसरा, उडालेल्या जागी टिकाऊ गुलाबी भरायचा. क्विनाक्रिडोन हे रंगद्रव्य १९५८ पासून बाजारात आहे आणि प्रकाशात उत्तम टिकतं. अडचण अशी की खालचा इओसिन अजून उडतच राहणार. आज जुळवलेला रंग सहा महिन्यांनी पुन्हा वेगळा दिसणार. तेच काम दरवर्षी करावं लागलं असतं.

चौथा पर्याय माझा, आणि तो सुचवल्याचं मला आजही वाईट वाटतं. मी म्हटलं, आपण रंग उडण्यालाच विषय करू. पेशी मरतात, ऊती झिजतात, चित्रही झिजतं आहे, असं नवं पत्रक लिहू. ऐकायला ते छान होतं आणि लोकांनी मानलंही असतं. त्यांनी शांतपणे नकार दिला. म्हणाल्या, "हे ठरवून केलं असतं तर पहिल्या दिवशी लिहिलं असतं. निकाल हातात आल्यावर गृहीतक बदलायचं नाही." विरून जाणारी चित्रं मुद्दाम करणारे कलाकार आहेत, आणि घेणाऱ्याला ते आधी माहीत असतं. आमच्याकडून चित्र घेतलेल्या पाच जणांना ते सांगितलेलं नव्हतं.

पाचवा म्हणजे सगळ्यांना लिहून कळवायचं, पैसे परत देण्याची तयारी ठेवायची, प्रदर्शन पुढे ढकलायचं आणि आधी तपासणी करायची. पैसे खर्च झालेले होते, त्यामुळे हा निर्णय घ्यायला त्यांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी त्यांना फोन केला नाही. ते बरोबर होतं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

काय केलं

आधी तपासणी. त्याच कापडाच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर एकेक रंग दिला: इओसिन, हिमॅटॉक्सिलिन, क्रिस्टल व्हायोलेट, कार्माइन, क्विनाक्रिडोन, प्रशियन ब्लू. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकला आणि सगळ्या पट्ट्या भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत लावल्या. शेजारी ब्लू वूल मापपट्टी. ही लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्यांची असते. पहिली सर्वांत लवकर उडते आणि पुढची प्रत्येक साधारण दुप्पट वेळ टिकते. आपला रंग कोणत्या क्रमांकाबरोबर उडाला यावरून त्याची ताकद कळते. चित्रकाराला परवडणारी, घरात करता येणारी याहून सोपी तपासणी नाही.

दोन आठवड्यांत इओसिनची उघडी बाजू जवळजवळ कोरी झाली. क्रिस्टल व्हायोलेट मागोमाग गेला. हिमॅटॉक्सिलिन हळूहळू करडा-तपकिरी होत गेला, म्हणजे निळाही भरवशाचा नव्हता, फक्त उशिरा दगा देणारा. कार्माइन फिका पडला. सहा आठवड्यांनी फॉइल काढल्यावर झाकलेली आणि उघडी बाजू सारखी दिसली ती क्विनाक्रिडोन आणि प्रशियन ब्लू यांचीच.

दरम्यान पाच पत्रं गेली. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. त्यात कोणता रंग वापरला, तो का उडतो, चूक कोणाची, आणि तीन मार्ग: पैसे परत, नव्या मालिकेतलं चित्र बदलून, किंवा हेच चित्र ठेवायचं असेल तर ते कसं जपायचं. शेवटच्या मार्गासाठी सूचना नेमक्या होत्या. ऊन अजिबात नको, प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास, आणि खोलीत कोणी नसताना चित्र झाकलेलं. उजेडाचा परिणाम साठत जातो. मंद दिवा दिवसभर लागला तर त्याचाही हिशोब भरतोच. दिलगिरी एका वाक्यात होती, सबबी सांगणारं वाक्य नव्हतं.

नऊ शिल्लक चित्रं विक्रीतून काढली. मग त्यांनी मला न आवडलेली एक गोष्ट केली. फिकी पडलेली दोन चित्रं भिंतीवर लावून महिनाभर नुसती पाहिली. एक साफ कोसळलं होतं. गुलाबी गेल्यावर त्यात उभं राहायला काहीच नव्हतं. दुसरं मात्र फिकं होऊनही तोललेलं होतं, कारण त्यातल्या निळ्या जागांमधली अंतरं विचारपूर्वक ठेवलेली होती. मला तेव्हा हा स्वतःला शिक्षा करण्याचा प्रकार वाटला. नंतर कळलं की पुढच्या कामाचा पाया त्या महिन्यातच घातला गेला. कोणती चित्रं बांधणीवर उभी होती आणि कोणती रंगाच्या गोष्टीवर, याचा निवाडा त्यांनी स्वतः केला.

नवी मालिका त्यांनी सलग कापांच्या कल्पनेवर उभारली. मायक्रोटोमवर एकाच तुकड्याचे काप एकामागून एक फितीसारखे निघतात. एका कापात वर्तुळ, पुढच्यात ते लांबट, आणखी काही कापांनंतर दुभंगलेलं, मग नाहीसं. नळी सरळ कापली की वर्तुळ दिसतं, तिरकी कापली की लंबवर्तुळ. अखंड वस्तू कुठेच दिसत नाही, ती पाहणाऱ्याला मनात रचावी लागते. त्यांनी नऊ कॅनव्हास असे केले की प्रत्येक म्हणजे त्याच न दिसणाऱ्या रूपाचा पुढचा काप. रंग दोनच, तपासलेले. प्रशियन ब्लू निवडण्यामागे त्यांचं मन होतं. हाच रंग १८६७ पासून ऊतिशास्त्रात पर्ल्सच्या चाचणीत वापरला जातो. तिथे तो बाटलीतून येत नाही. ऊतीत लोह साठलेलं असेल तर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल घातल्यावर तो तिथेच, ऊतीतच तयार होतो. चित्रकाराचा जुना रंग आणि प्रयोगशाळेची खूण एकच, आणि तो टिकतो. असा धागा मला पत्रकासाठी शोधूनही सापडला नसता.

एक जाताजाता. जुन्या प्रयोगशाळेतल्या स्लाइडचे फोटो संदर्भाला घ्या, असं त्यांना बऱ्याच जणांनी सुचवलं. त्यांनी कधीच घेतले नाहीत. ती ऊती कोणा रुग्णाची असते, ती तपासणीसाठी दिलेली असते, चित्रासाठी नव्हे. सगळं काम आठवणीतून झालं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते चित्र झालं.

पुन्हा करायचं झालं तर

तपासणीच्या पट्ट्या पहिल्या चित्राच्याही आधी लागायला हव्यात, मालिका पूर्ण झाल्यावर नाही. सहा आठवडे थांबणं जड जातं, पण त्या काळात रेखाटनं होतात.

मी आता कोणत्याही चित्रकाराला रंगाच्या नळीवरचा रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक आणि प्रकाशस्थिरतेची श्रेणी विचारते. नळीच नसेल, म्हणजे रंग घरी केलेला किंवा दुसऱ्या क्षेत्रातून आणलेला असेल, तर पट्टी मागते. पट्टी नसेल तर चित्र प्रदर्शनात लागतं, विक्रीला लागत नाही. काहींना हा जाच वाटतो.

पत्रकाबाबत माझा विचार अजून पूर्ण झालेला नाही. जीवशास्त्राचा उल्लेख केला की लोक चित्रात पेशी शोधतात. न केला तर त्या कामामागची ११ वर्षं अंधारात राहतात. पहिल्या वेळी मी उल्लेख असा केला की चित्रापेक्षा तोच विकला गेला. नव्या प्रदर्शनात आम्ही भिंतीवर फक्त साहित्य लिहिलं आणि दाराशी एक ओळ: ही नऊ चित्रं एकाच गोष्टीचे सलग काप आहेत. कोणत्या गोष्टीचे, ते लिहिलं नाही. काही जण पहिल्या चित्रापासून नवव्यापर्यंत जाऊन पुन्हा मागे येताना दिसले, कुठे काय नाहीसं झालं ते शोधत. पेशी आहेत का, असं मला त्या दिवसांत दोघांनीच विचारलं.

आणि पाच पत्रं एकाच दिवशी टपालात टाकण्यापेक्षा आधी फोन करायला हवा होता. एका घेणाऱ्या बाईंना पत्र वाचून वाटलं की चित्रातून काही विषारी निघतं आहे. रंजक, रसायन, प्रयोगशाळा हे शब्द कागदावर कोरडे वाचले की असं होऊ शकतं, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे काय झालं

प्रदर्शन सात महिने उशिरा झालं. पाचांपैकी दोघांनी पैसे परत घेतले, आणि चित्रकर्ती ते हप्त्यांनी फेडत आहेत. एकांनी चित्र बदलून घेतलं. ज्यांनी पहिला फोटो पाठवला होता त्यांनी जुनंच ठेवलं. ते आता आतल्या खोलीत आहे, वर कापडाचा पडदा, आणि पाहुण्यांना दाखवायचं असेल तेव्हाच तो वर होतो. उरलेला गुलाबी पुष्कळ नाही, पण आहे.

नव्या प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवर स्लाइडला असते तशी चिठ्ठी लावलेली आहे: तारीख, रंगद्रव्यांचे क्रमांक, तपासणीचा कालावधी आणि मालिकेतला कापाचा क्रमांक. खिडकीतल्या पट्ट्या त्यांनी काढलेल्या नाहीत, दर काही महिन्यांनी फॉइल उचलून बघतात.

पाचव्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. आम्ही दुसरं पत्र पाठवलं, फोन केला, पत्ता बदलल्याचं कळलं. ते चित्र सर्वांत मोठं होतं आणि त्यात इओसिन सर्वांत जास्त होता. ते कुठे लागलं आहे, तिथे खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे आम्हाला माहीत नाही.